हुकूमशहा हटवण्यासाठी युद्ध: अनुकूल बाजू मनाशी खोटं न बोलता कशी लढवावी

प्रश्न असा आहे. सांगलीच्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीची साताऱ्यातल्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी निवड झाली आहे. विषय: "क्रूर हुकूमशहाला हटवण्यासाठी युद्ध समर्थनीय आहे." चिठ्ठीत तिला अनुकूल बाजू आली. तिचे मामा फौजेत आहेत, युद्ध तिला मनातून पटत नाही, आणि "मग इराकचं काय झालं?" असं कुणी विचारलं की तिच्याकडे उत्तर उरत नाही. मनाशी खोटं न बोलता ही बाजू लढवता येईल का, असं तिनं विचारलं आहे.

येईल, आणि चांगली लढवता येईल. मात्र विषय छापलाय तसाच्या तसा अंगावर घेऊ नकोस. एखादा राज्यकर्ता क्रूर आहे, एवढ्या एका कारणावरून दुसऱ्या देशानं त्याच्यावर चाल करून जावं, हे मलाही मान्य नाही. तू ते सिद्ध करायला गेलीस तर पहिल्याच खंडनात भाषण कोसळेल. पण माणसं आज मारली जात आहेत, मारणारं खुद्द सरकार आहे, आणि ते आतून थांबवण्याची ताकद कुणात उरलेली नाही, अशा वेळी बाहेरच्या सैन्यानं सीमा ओलांडून ते थांबवणं न्याय्य आहे, हे मी अनेक वर्षं राज्यशास्त्र शिकवताना आणि मुलांना वादविवादासाठी तयार करताना मनापासून मानत आले आहे. तू ही बाजू घे. हुकूमशहा जातो तो अशा युद्धाचा परिणाम म्हणून. युद्धाचं कारण मात्र चालू असलेलं हत्याकांड हेच असलं पाहिजे.

तुझं समर्थन कुठपर्यंत आहे हे पहिल्या मिनिटातच सांगून टाक. स्वतःहून मर्यादा घातली की ती माघार वाटते, असं मुलांना वाटतं. मी परीक्षकाच्या खुर्चीवरून उलटंच पाहिलं आहे. जो वक्ता आपली रेघ आधीच आखतो त्याच्यावर टाकायला प्रतिपक्षाकडे फारसं काही राहत नाही.

उदाहरणांकडे येऊ. हिटलरपासून सुरुवात करू नकोस. या विषयावर अनुकूल बाजूचे बहुतेक वक्ते त्यालाच उभं करतात, आणि तेच त्यांना महागात पडतं. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला म्हणून ३ सप्टेंबरला ब्रिटन आणि फ्रान्स युद्धात उतरले. जर्मन जनतेला किंवा ज्यूंना सोडवण्यासाठी कुणीही युद्ध पुकारलं नव्हतं. ऑशविट्झची छावणी २७ जानेवारी १९४५ ला मोकळी झाली ती सोव्हिएत फौजा पश्चिमेकडे सरकत असताना वाटेत लागली म्हणून. प्रतिपक्षानं एवढं सांगितलं की तुझी दोन मिनिटं वाया गेली. ते आक्रमणाविरुद्धचं युद्ध होतं. तुझा विषय वेगळा आहे.

तुझं मुख्य उदाहरण कंबोडिया असू दे. आपल्याकडच्या स्पर्धांत ते क्वचित ऐकू येतं, आणि याचं मला दरवेळी वाईट वाटतं, कारण या विषयावर इतकं नेमकं दुसरं उदाहरण नाही. १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या ख्मेर रूज संघटनेनं राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं केलं. इस्पितळातल्या रुग्णांनाही रस्त्यावर काढलं. चलन रद्द, बाजार बंद, शाळा बंद, बौद्ध मठ बंद. सगळ्यांना शेतावर जुंपलं. शिकलेली माणसं, भिक्खू, चाम मुसलमान, व्हिएतनामी वंशाचे लोक यांना वेचून मारलं. तुओल स्लेंग नावाच्या ठिकाणी एका शाळेच्या वर्गखोल्यांचा तुरुंग केला. तिथं हजारो लोक नेले गेले आणि जिवंत बाहेर आलेले बोटांवर मोजण्याइतके होते. पावणेचार वर्षांत मारहाण, उपासमार आणि रोगराई मिळून सुमारे १५ ते २० लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्या होती ८० लाखांच्या आसपास. दर चार-पाच माणसांमागे एक.

२५ डिसेंबर १९७८ ला व्हिएतनामचं सैन्य पूर्ण ताकदीनिशी आत शिरलं आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. दोन आठवडे. पोल पॉट थायलंडच्या सीमेकडे पळाला आणि कत्तलीचं ते यंत्र थांबलं. यानंतर जगानं काय केलं, हे सभागृहाला सावकाश सांग. फेब्रुवारीत चीननं व्हिएतनामला धडा शिकवायचा म्हणून त्याच्यावर हल्ला केला. सप्टेंबर १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ७१ विरुद्ध ३५ मतांनी ठरवलं की कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच राजवटीकडे राहील. ज्यानं आपल्याच लोकांना मारलं त्याच्या बाजूला कायदा होता, आणि ज्यानं ते थांबवलं तो आक्रमक ठरला. भारतानं जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली तेव्हा अनेक देशांना ते रुचलं नव्हतं. आपण तेव्हा योग्य बाजूला उभे राहिलो, याचा उल्लेख तू अभिमानानं करावास असं मला वाटतं.

प्रतिपक्ष म्हणेल, व्हिएतनाम काही दयेपोटी गेला नव्हता. बरोबर आहे. ख्मेर रूज सीमा ओलांडून व्हिएतनामी गावांवर हल्ले करत होते. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या एका गावात त्यांनी तीन हजारांहून जास्त लोक मारले. व्हिएतनामनं स्वतः कधी मानवतेचं नाव घेतलं नाही, स्वसंरक्षण असंच म्हटलं. शिवाय त्यांचं सैन्य तिथं दहा वर्षं राहिलं, सप्टेंबर १९८९ मध्ये बाहेर पडलं. हे सगळं तू स्वतः सांग, त्यांना सांगू देऊ नकोस. मग विचार: हेतू शुद्ध नव्हता म्हणून व्हिएतनामनं सीमेवरच थांबायला हवं होतं का? आणखी किती महिने? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणारा प्रतिकूल वक्ता मला अजून भेटलेला नाही.

साताऱ्याच्या सभागृहात १९७१ चं बांगलादेश युद्ध आपोआप येईल. जमालपूरला लढलेली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, ही इथल्या कित्येक घरांची पलटण आहे. पण शौर्याच्या कथा सांगून टाळ्या घेऊ नकोस, त्या प्रतिपक्षालाही घेता येतात. तुला तिथून दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली अशी की बाजूला सारलेलं निवडून आलेलं नेतृत्व आधीच होतं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या थेट निवडणुकीच्या १६२ जागांपैकी १६० जागा अवामी लीगनं जिंकल्या होत्या. पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान यानं त्यांना सत्ता देण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात सैन्य सोडलं, आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे १ कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. दुसरी गोष्ट, आपलं सैन्य परत आलं. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि मार्च १९७२ मध्ये ढाक्यातलं निरोपाचं संचलन करून भारतीय फौज निघाली. तीन महिने. व्हिएतनामची दहा वर्षं आणि आपले तीन महिने यांतला फरक परीक्षकांच्या लक्षात राहतो. ज्याच्यासाठी गेलात तो उभा राहिला की निघून यायचं.

युगांडाचं नाव घ्यायचं तर थोडक्यात घे. इदी अमीननं १९७२ मध्ये आशियाई लोकांना ९० दिवसांची मुदत देऊन हाकललं, १९७८ मध्ये टांझानियाचा कागेरा भाग गिळायचा प्रयत्न केला, आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांच्या फौजेनं ११ एप्रिल १९७९ ला कंपाला घेऊन त्याला पळवून लावलं. पण त्यानंतर अमीनच्या आधीचा राज्यकर्ता ओबोटे परत आला, पुन्हा यादवी झाली, पुन्हा माणसं मेली. एक माणूस गेला म्हणून राज्य सुधारत नाही, याचा हा पुरावा आहे आणि तो प्रतिपक्षाच्या कामाचा जास्त आहे.

आता इराक. तू ज्याला घाबरतेस ते खरं तर तुझ्याच बाजूचं उदाहरण आहे, फक्त त्याची तारीख बदलावी लागेल. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू सोडला. सुमारे ५,००० माणसं मेली, बहुतेक साधे गावकरी, बायका-मुलं. त्याच वर्षी अनफाल नावाच्या मोहिमेत गावंच्या गावं जमीनदोस्त झाली आणि हजारो कुर्द पुरुष ट्रकमधून नेऊन गोळ्या घालून पुरले गेले. तेव्हा कुणीही सैन्य पाठवलं नाही. सद्दाम इराणशी लढत होता आणि बऱ्याच बड्या देशांना तो हवा होता.

युद्ध आलं ते २० मार्च २००३ ला, पंधरा वर्षांनी. कारण सांगितलं महासंहारक शस्त्रांचं, आणि ती सापडली नाहीत. सद्दाम २००३ मध्येही क्रूरच होता, तुरुंग भरलेले होते. पण १९८८ सारखं हत्याकांड त्या दिवशी चालू नव्हतं. हत्याकांड चालू असताना कुणी आलं नाही आणि ते संपल्यावर युद्ध झालं. तुझ्या कसोटीवर लावून सांग: १९८८ मध्ये कुणी गेलं असतं तर मी समर्थन केलं असतं, २००३ चं करत नाही. असं म्हटलंस की इराक तुझ्या अंगावरून उतरतो. उलट प्रतिपक्षाला सांगावं लागतं की १९८८ मध्ये गप्प बसणं बरोबर होतं का.

एवढ्यावर थांबू नकोस, कारण इराकमधून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं प्रकरण युद्धानंतरचं आहे. बगदाद तीन आठवड्यांत पडलं. मग पॉल ब्रेमर नावाचे अमेरिकी प्रशासक आले. त्यांनी १६ मे २००३ ला पहिला हुकूम काढून सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं आणि २३ मे च्या दुसऱ्या हुकमानं अख्खं सैन्य बरखास्त केलं. त्या देशात मास्तरकी किंवा डॉक्टरकी टिकवायलाही अनेकांना पक्षाचं सदस्यत्व घ्यावं लागलेलं होतं. एका आठवड्याच्या अंतरानं कारभार जाणणारे लोक घरी बसले आणि लाखो माणसं हातात बंदूक, डोक्यात राग आणि पगार नाही अशा अवस्थेत रस्त्यावर आली. फेब्रुवारी २००६ मध्ये समाराच्या शिया धर्मस्थळात स्फोट झाल्यावर शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारायला सुरुवात केली. जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटनं मोसुल घेतलं, आणि तिथं मजुरीला गेलेले आपले ३९ भारतीय त्यांनीच मारले. हुकूमशहा फासावर गेला ३० डिसेंबर २००६ ला. पण हुकूम क्रमांक दोनची किंमत इराकी माणसं त्यानंतरही कितीतरी वर्षं मोजत राहिली.

म्हणून तुझी दुसरी कसोटी अशी असू दे: दुसऱ्या दिवशी पाणी, वीज, धान्य, पोलीस आणि न्यायालय कोण चालवणार, हे पहिल्या दिवशी सांगता आलं पाहिजे. ज्याला सांगता येत नाही त्याला युद्ध सुरू करायचा नैतिक अधिकार नाही. हे मी फार कळकळीनं सांगते, कारण आपल्याकडचे वक्ते युद्धाच्या समर्थनात शौर्य, त्याग, धर्म सगळं आणतात आणि नळाला पाणी कोण सोडणार हा प्रश्न त्यांच्या भाषणात कधीच नसतो.

प्रतिपक्षातला अभ्यासू वक्ता याहून खोल वार करेल, त्याची तयारी ठेव. तो म्हणेल, "तुमच्या भल्यासाठी आलो" हे प्रत्येक साम्राज्यानं म्हटलं आहे. साताऱ्यात उभं राहून हे म्हणणं फार सोपं आहे. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनीनं कटाचे आरोप ठेवून गादीवरून उतरवलं आणि काशीला पाठवलं. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, काही उपयोग झाला नाही. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. १८५६ मध्ये अवध घेतलं ते "नबाबाचा कारभार वाईट आहे" असं सांगून. त्यानं आणखी वाचलेलं असेल तर इराकचंही जुनं पान काढेल. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकमध्येच होत्या. कुतच्या वेढ्यात पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ व्या मराठा पलटणीतली आपली माणसं अडकली, उपाशी राहिली आणि एप्रिल १९१६ मध्ये कैदेत गेली. पुढच्या मार्चमध्ये ब्रिटिशांनी बगदाद घेतलं, तेव्हा जनरल मॉडनं जाहीरनामा काढला की आम्ही जेते म्हणून आलेलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. १९२० मध्ये इराकी लोक त्याच मुक्तिदात्यांविरुद्ध उठले.

या मुद्द्याला विरोध करू नकोस. तो खरा आहे आणि आपल्या पूर्वजांनी त्याची किंमत दिली आहे. तू फक्त विचार की खरा आणि खोटा बहाणा ओळखायचा कसा. अवधमध्ये १८५६ साली नबाब रयतेची कत्तल करत होता का? नाही. तिथल्या कुणी कंपनीला बोलावलं होतं का? नाही. कंपनी काम संपवून परत गेली का? नाही, राज्य घशात घातलं. हेच तीन प्रश्न १९७१ ला लाव. कत्तल चालू होती. निवडून आलेले प्रतिनिधी मदत मागत होते. सैन्य तीन महिन्यांत परतलं. दोन्हीकडे सैन्यानं सीमा ओलांडली, पण कसोटीवर घासल्यावर रंग वेगळा दिसतो. बहाण्यांचा इतिहास मोठा आहे म्हणून कसोट्या कडक हव्यात, इतकंच त्यातून निघतं.

लिबिया या दोन्हींच्या मधोमध आहे, म्हणून वेळ उरला तर नक्की घे. १७ मार्च २०११ रोजी सुरक्षा परिषदेनं १९७३ क्रमांकाचा ठराव केला. बाजूनं १०, तटस्थ ५, आणि त्या तटस्थांत भारत होता. ठराव नागरिकांचं रक्षण करण्यासाठी होता, कारण गद्दाफीची फौज बेनगाझीच्या दारात पोचली होती. ती थांबली. इथंपर्यंत मी समर्थन करते. पण बॉम्बफेक थांबली नाही, ती २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला जाईपर्यंत चालली. रक्षणाच्या ठरावाचा सत्तापालट झाला. नंतर देशाचे तुकडे पडले आणि शस्त्रांचे साठे सहारा ओलांडून मालीपर्यंत गेले. त्याहून मोठं नुकसान पुढं झालं. रशिया आणि चीननं सीरियाबाबत एकामागून एक नकाराधिकार वापरले तेव्हा लिबियाचा दाखला दिला. बेनगाझीत वाचलेल्यांच्या मोबदल्यात पुढच्या कुणाच्या तरी वाचण्याची वाट बंद झाली.

अहिंसक मार्गाबद्दल प्रतिपक्ष बोलेल तेव्हा उदार हो. कित्येक हुकूमशहा त्यांच्याच लोकांनी घालवले आहेत. फिलिपिन्समध्ये मार्कोस फेब्रुवारी १९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरल्यामुळे गेला. नाटोनं १९९९ मध्ये ७८ दिवस बॉम्ब टाकूनही सर्बियाचा मिलोसेविच सत्तेवर राहिला, आणि ५ ऑक्टोबर २००० ला त्याच्याच देशातल्या लोकांनी त्याला खाली ओढलं. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या चळवळी तपासल्या, तर अहिंसक चळवळी ५३ टक्के वेळा यशस्वी झाल्या आणि सशस्त्र २६ टक्के वेळा.

आणि तू तर सांगलीची आहेस. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात तुझ्याच भागात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, शेकडो गावांत चाललं. कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना होती, तिच्या हातात शस्त्रं होती, तेव्हा त्याला निखळ अहिंसक म्हणू नकोस, कुणीतरी लगेच तळपायांना पत्र्या मारण्याच्या शिक्षेची आठवण करून देईल. मला त्यातली न्यायदान मंडळं फार महत्त्वाची वाटतात. इंग्रज जायच्या आधीच गावानं तंटे सोडवणं, सावकाराला आवरणं, कमी खर्चात लग्नं लावणं सुरू केलं होतं. म्हणजे "दुसऱ्या दिवशी काय" या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवसाआधीच गावाकडे होतं. बाहेरून आलेल्या फौजेला ते बरोबर आणता येत नाही.

एवढं सगळं मान्य करून मग वळ. लोक रस्त्यावर येऊ शकतात तिथं त्यांना त्यांची लढाई लढू द्यावी, बाहेरच्यानं तोंड घालू नये. पण १९७७ च्या कंबोडियात रस्त्यावर कोण येणार होतं? शहरंच रिकामी होती. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात सरकारधार्जिण्या रेडिओच्या चिथावणीनं आणि गावागावांतल्या टोळ्यांकडून तुत्सी समाजाची कत्तल सुरू झाली, सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. कत्तल चालू असताना, २१ एप्रिलला, सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना अडीच हजारांवरून २७० वर आणायचा ठराव केला. न जाण्याचाही हिशेब असतो आणि तो मांडणं हे अनुकूल बाजूचं काम आहे.

"आधी निर्बंध लावा" असं कुणी म्हणालं तर १९९० च्या दशकातला इराक सांग. निर्बंधांची झळ सद्दामला बसली नाही, औषधं आणि अन्न नसलेल्या साध्या घरांना बसली. संयुक्त राष्ट्रांचे तिथले प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये याच कारणानं राजीनामे दिले. निर्बंधांतही माणसं मरतात, फक्त ती बातमीत दिसत नाहीत.

कायद्याचा मुद्दा दोन वाक्यांत आटोप. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) बळाचा वापर मना करतं, कलम ५१ स्वसंरक्षणाला परवानगी देतं, आणि सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषद कारवाई ठरवू शकते. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केलं की नरसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे या चार बाबतींत जगाची जबाबदारी येते. या यादीत हुकूमशाही नाही, हे आवर्जून दाखव. तुझी मर्यादा तू मनानं काढलेली नाही, हे त्यातून परीक्षकांना समजतं.

सुरुवातीला शेर म्हणायची सवय असेल तर या वेळी सोड आणि जरासंधाची कथा घे. त्यानं ८६ राजे बंदीत टाकले होते आणि शंभर पुरे झाले की त्यांचा बळी द्यायचा होता. कृष्णानं मगधावर सैन्य नेलं नाही. तो, भीम आणि अर्जुन असे तिघेच गेले. भीमाचं आणि जरासंधाचं द्वंद्व झालं, मगधाची प्रजा लढाईत ओढली गेली नाही. राजे सुटले, आणि गादीवर बसवला तो जरासंधाचाच मुलगा सहदेव. मगध कुणी आपल्या राज्याला जोडलं नाही. धोका चालू आहे, प्रजा सुरक्षित आहे, राज्य परत त्यांच्याच माणसाच्या हाती आहे: तुझ्या कसोट्यांचं सार त्यात आहे. प्रतिपक्ष म्हणेल की कृष्णाला राजसूयाचा रस्ता मोकळा करायचा होता आणि मथुरेचं जुनं वैरही होतं. म्हणू दे. व्हिएतनामबद्दल दिलेलं उत्तर इथंही चालतं. मिसळलेल्या हेतूनं केलेल्या कृतीचं मोजमाप ती संपल्यावर कोण काय घेऊन गेला यावरून करायचं.

आकडे कमी ठेव. कंबोडियाचा एक, १९७१ चा एक, इराकच्या दोन तारखा, बस. आवाज चढवायचा असेल तर हलब्जाला चढवू नकोस, तिथं उलट खाली आण.

एक प्रश्न साताऱ्यात हमखास येतो, परीक्षकांकडून नाहीतर प्रेक्षकांतून: "अशा युद्धावर तुमच्या घरातलं माणूस पाठवाल का?" आपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं हा प्रश्न वरवरचा नसतो, आणि मामा फौजेत असल्यानं तुला तो जास्त टोचेल. टाळू नकोस. २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं इराकसाठी आपल्याकडे सैन्य मागितलं होतं, जवळपास एका डिव्हिजनइतकं. १४ जुलै २००३ रोजी भारत सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय ते द्यायला नकार दिला. १९७१ मध्ये मात्र सैन्य गेलं होतं. दोन्ही निर्णय बरोबर होते असं सांग, आणि का ते तुझ्या कसोट्यांवर लावून दाखव: १९७१ साठी हो, २००३ साठी नाही. भाषण लिहायला बसण्याआधी हाच प्रश्न मामांना फोनवर विचार. ते जे सांगतील ते भाषणात घ्यायचं की नाही हे त्यांच्या परवानगीनं ठरव. मसुदा झाला की घड्याळ लावून मोठ्यानं वाच, आणि पहिल्या घंटेच्या आत इराकपर्यंत पोचत असशील तरच मला पाठव. नाहीतर युगांडा काढून टाक.